काराऱ्याचे पांढरे डोंगर

पिसाहून उत्तरेकडे जाणारी आगगाडी किनारा धरून धावते. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला अपुआन आल्प्स नावाची डोंगरांची रांग, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत पाइनची झाडे, भाजीचे मळे आणि उन्हाळी पाहुण्यांसाठी बांधलेली घरे. पिएत्रासांता मागे पडले की डब्यातला एखादा नवखा प्रवासी हमखास खिडकीकडे बोट दाखवतो. भर जूनमध्ये डोंगरावर बर्फ! जुने उतारू गालातल्या गालात हसतात. हा बर्फ बारा महिने असतो आणि तो कधीच वितळत नाही. तो आहे संगमरवराचा चुरा. दोन हजार वर्षे माणसाने हे डोंगर कापले, आणि कापताना उरलेला तुकडा न् तुकडा उतारावरून खाली लोटून दिला. त्याच्या पांढऱ्या धारा समुद्रातून येणाऱ्या जहाजांनाही लांबून दिसतात.

या डोंगरांच्या कुशीत कारारा नावाचे गाव आहे. समुद्र तिथून अवघ्या काही किलोमीटरांवर. रोमन लोक जवळच्या लूना बंदरातून हा दगड जहाजात भरून नेत, म्हणून ते त्याला लूनाचा दगड म्हणत. रोममधला सम्राट ट्राजनचा इसवी सन ११३ मधला प्रचंड स्तंभ याच दगडाचा. लंडनची मार्बल आर्च याच दगडाची. आणि मायकेलअँजेलोने १५०१ ते १५०४ या काळात घडवलेला फ्लॉरेन्सचा डेव्हिड, तोही इथलाच. पुढे पोपच्या समाधीसाठी दगड निवडायला मायकेलअँजेलो १५०५ मध्ये इथे आला आणि महिनेच्या महिने खाणींत राहिला. मुलगी पाहायला जाणारी आपल्याकडची मंडळी तासाभरात पोहे खाऊन परततात. हा गृहस्थ दगड पाहायला आला आणि आठ महिने बसला!

मला हे गाव दाखवले ताईच्या मुलीने. ती पिसाच्या विद्यापीठात भूशास्त्र शिकते. पिसाचा कलता मनोरा पाहून झाल्यावर मी फ्लॉरेन्सची तिकिटे काढणार, तेवढ्यात ती म्हणाली, "मामा, डेव्हिड पाहायला सगळेच जातात. तुम्ही त्याचे माहेर पाहा."

माझ्याकडेही काराऱ्याला जाण्याचे एक कारण होते. मुंबईत आमच्या सोसायटीने इमारतीच्या दर्शनी भिंतीला नवा साज चढवायचे ठरवले होते. दोन पक्ष पडले होते. एक पक्ष इटालियन संगमरवराच्या फरश्यांचा, दुसरा साध्या रंगाचा. संगमरवर पक्षाने निघताना माझ्या हातात एक कागद दिला होता : तिकडे जाताच आहात, तर भाव आणि टिकाऊपणा दोन्ही विचारून या. तेव्हा हा प्रवास निव्वळ हौसेचा नव्हता. बावीस बिऱ्हाडांचे पैसे त्यात अडकले होते.

काराऱ्याच्या वर तीन मुख्य खोरी आहेत : तोरानो, फांतिस्क्रिती आणि कोलोनाता. आम्ही फांतिस्क्रितीच्या रस्त्याने निघालो. हा रस्ता पूर्वी आगगाडीचा होता. खास दगड वाहून नेण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे रेल्वे बांधली गेली. बोगदे खणले, दरीवर उंच कमानींचे पूल बांधले. १९६४ मध्ये ती बंद झाली आणि तिच्या मार्गावरून मालमोटारी धावू लागल्या. त्याच्याही आधी दगड कसे उतरत असतील? लाकडी घसरगाडीवर पंचवीस-तीस टनांचा ठोकळा बांधायचा, पुढे साबण लावलेल्या तुळया टाकायच्या आणि मागून दोरखंडांनी आवरत आवरत तो उतारावरून सोडायचा. मुकादम सर्वांत पुढे, दगडाच्या तोंडासमोर उभा राहून आरोळ्या देई. दोर तुटला तर पहिला बळी त्याचाच. कोलोनातात या खाणकामगारांचे स्मारक उभारले आहे. त्याच कोलोनातात संगमरवराच्या कुंडांत डुकराची चरबी मीठमसाला लावून महिनोनमहिने मुरवतात आणि लोक ती चवीने खातात. मी शाकाहारी असल्याने माझी सुटका झाली. पण लोणच्याच्या बरणीलासुद्धा संगमरवर वापरणारे हे गाव पाहून मौज वाटली.

खाणीत शिरताच पहिला अनुभव म्हणजे डोळे दिपणे. भिंती पांढऱ्या, जमीन पांढरी, कामगारांचे बूट पांढरे. आता इथे सुरुंगाचा धुडगूस नाही. पोलादी तारेत हिऱ्याच्या कणांचे मणी ओवलेले असतात. ही माळ दगडाभोवती फिरवतात, वर पाण्याची धार सोडतात आणि विळीवर लोणी कापावे तसा डोंगर कापला जातो. कापलेला कडा आरशासारखा सपाट होतो. त्या सपाट कड्यावर मला पहिल्यांदा ती गोष्ट दिसली, जिच्यासाठी भाचीने मला इतके वर आणले होते.

पांढऱ्या दगडात राखाडी रेघा होत्या. त्या सरळ नव्हत्या. पुरणपोळी लाटण्याआधी पुरणाभोवती पारी दुमडावी, तशा त्या दुमडल्या होत्या. काही ठिकाणी दुमडीवर पुन्हा दुमड होती. दोन-तीन मजली उंच भिंतीवर एक रेघ वर जाई, वळसा घेऊन परत येई, बारीक होत होत नाहीशी होई.

"हा दगड वितळला होता का ग?" मी विचारले.

"नाही ना! तीच तर गंमत आहे," ती म्हणाली. "एक थेंबही वितळला नाही. घट्ट असतानाच वाहिला."

घट्ट दगड वाहतो कसा, हे समजायला थोडे मागे जावे लागते. सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वी इथे उबदार, उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी शंखशिंपल्यांचा आणि सूक्ष्म जीवांचा चुना साचत गेला आणि त्याचा चुनखडक झाला. त्यात मातीची भेसळ फार थोडी होती, म्हणून पुढे पांढरा रंग लाभला. मग सुमारे अडीच-पावणेतीन कोटी वर्षांपूर्वी भूखंडांची टक्कर झाली. कॉर्सिका आणि सार्डिनिया ही बेटे ज्या तुकड्यावर आहेत तो तुकडा इटलीच्या बाजूवर रेटला गेला, आणि त्या चिमट्यात हा चुनखडक जमिनीच्या पोटात कित्येक किलोमीटर खोल ढकलला गेला. तिथे उष्णता होती साडेतीनशे ते साडेचारशे अंश सेल्सियस. आपल्या स्वयंपाकघरातली भट्टीसुद्धा तिथवर सहसा जात नाही. या उष्णतेत आणि दाबात चुन्याचे जुने कण मोडून कॅल्साइटचे नवे स्फटिक वाढले. शंखशिंपले पुसले गेले. चुनखडकाचा संगमरवर झाला.

आपल्या महाराष्ट्राचा दगड याच्या अगदी उलट स्वभावाचा. सह्याद्रीचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसातून थिजला आणि तेव्हापासून थरावर थर ठेवून जवळजवळ आडवा पडून आहे. त्याच्या पोकळ्यांतही कॅल्साइट सापडते. अजिंठ्याच्या पायथ्याशी विक्रेते जे चमकदार खडे हातात कोंबतात, त्यांत कॅल्साइटही असते. पण ते पोकळीत निवांत वाढलेले, कोणाचा धक्का न लागलेले. काराऱ्याचे कॅल्साइट मात्र भरडून निघाले आहे. द्रव्य तेच, नशीब निराळे.

दुसऱ्या दिवशी भाचीने मला पिसातल्या प्रयोगशाळेत नेले आणि सूक्ष्मदर्शकासमोर बसवले. काचेवर संगमरवराचा एक काप चिकटवला होता, जाडी एक मिलिमीटरच्या शंभर भागांतले तीन भाग. इतका पातळ की दगडातून प्रकाश आरपार जातो. सूक्ष्मदर्शकही साधा नव्हता. त्यात प्रकाशाची कंपने एकाच पातळीत आणणाऱ्या चकत्या होत्या. पूर्वी या कामासाठी लोलक वापरत, आणि गंमत पाहा, विल्यम निकोलने १८२८ मध्ये तो लोलक कॅल्साइटचाच बनवला होता. म्हणजे कॅल्साइटची परीक्षा घ्यायला परीक्षकही कॅल्साइटच!

भिंगाखाली मला मोत्याच्या रंगांची नक्षी दिसली : फिकट गुलाबी, हिरवट, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी. एकेक तुकडा म्हणजे एकेक स्फटिक. काही स्फटिकांवर समांतर पट्टे होते, वहीवर पट्टीने ओळी आखाव्यात इतके सरळ.

"हे पट्टे वाचायला शिकलात की तुम्हीही भूशास्त्रज्ञ," भाची म्हणाली, आणि तिने मला वाचायला शिकवले.

कॅल्साइटचा स्फटिक म्हणजे पत्त्यांची गड्डी समजा. एका ठराविक पातळीत त्याचे अणूंचे थर रचलेले असतात. बाजूने पुरेसा रेटा आला की काही थर खालच्या थरावर ठराविक अंतर सरकतात आणि थांबतात. सरकलेल्या भागाची रचना आता मूळ भागाच्या आरशातल्या प्रतिबिंबासारखी होते. म्हणून या पट्ट्यांना जुळे म्हणतात. हे घडवून आणायला भूकंप लागत नाही. बाउमहाउअर नावाच्या शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये साध्या सुरीची धार स्फटिकाच्या कडेवर दाबली आणि स्फटिक न तुटता त्याचा कोपरा सरकन वळला. खडकात त्या पातळीवर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे शंभर किलोचा सरकता रेटा मिळाला की जुळे उमटू लागतात. डोंगर दुमडणाऱ्या शक्तींच्या हिशेबात हे काहीच नाही. त्यामुळे कॅल्साइट फार हळवे असते. इतर खनिजे ढिम्म राहतात, तेव्हा याच्या अंगावर वळ उठतात.

शिवाय हे सरकणे दोन्हीकडे होत नाही. दार जसे एकाच बाजूला उघडते, तसे हे थर एकाच दिशेने सरकतात. म्हणजे पट्टा दिसला की रेटा साधारण कुठून आला असेल हे उमगते. एका स्फटिकावरून नव्हे, पण शेकडो वेड्यावाकड्या पडलेल्या स्फटिकांची साक्ष एकत्र केली की दिशा निश्चित होते. कॅलिफोर्नियात फ्रान्सिस टर्नर यांनी १९५३ मध्ये ही रीत बसवली. पुढे पट्ट्यांची जाडी मोजून दगड किती टक्के आखडला हेही काढता येऊ लागले. आणि पट्टे बारीक असतील तर दगड तेव्हा दोनशे अंशांहून थंड होता, जाड असतील तर त्याहून गरम होता, असाही अंदाज बांधता येतो. दाबाची दिशा, आखडण्याचे माप आणि उष्णता. एका पट्ट्यात तिन्ही नोंदी.

पण फार उष्णतेत जुळ्यांनी भागत नाही. तिथे स्फटिकाच्या आतले थर सगळीकडून सरकू लागतात, दाणे लांबट होतात, मोडतात, त्यांच्या जागी नवे दाणे वाढतात. असाच दगड वाहतो. वेग मात्र आपल्या कल्पनेपलीकडचा. खडक एक टक्का आखडायला हजारो वर्षे घेतो.

हे वाहणे माणसाने प्रयोगशाळेत करून पाहिले आहे, आणि तेही काराऱ्याच्याच संगमरवरावर. कॅनडात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात फ्रँक अॅडम्स आणि निकोलसन यांनी छोटे गोल खांब कापून ते लोखंडाच्या जाड नळीत घट्ट बसवले आणि दोन्ही टोकांनी दाबले. १९०१ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. नळी मधोमध फुगली, आणि आतला दगड पिंपासारखा फुगूनही अखंड निघाला. १९११ मध्ये जर्मनीत थिओडोर फॉन कारमान यांनीही काराऱ्याचाच दगड घेतला. चहूकडून द्रवाचा दाब देऊन वरून रेटले, तर एरवी फटकन फुटणारा दगड मेणासारखा चेपला. हेच कारमान पुढे विमानविद्येत जगप्रसिद्ध झाले. चहूकडून आधार असला तर दगडसुद्धा मोडत नाही, वाकतो. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना हे प्रयोगाविना ठाऊक असते!

भाचीने मग दोन काप शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही काराऱ्याच्या संगमरवराचे. पहिल्यात दाणे मधाच्या पोळ्यासारखे नेटके होते. कडा सरळ, आणि तीन दाणे जिथे भेटतात तिथे तिन्ही कोन एकशेवीस अंशांचे. दुसऱ्यात दाणे एका बाजूला ओढलेले, कडा नागमोडी, एकाचे बोट दुसऱ्याच्या कुशीत शिरलेले.

"यांतला कोणता जास्त दुमडला गेला असेल?" तिने विचारले. मी दुसऱ्याकडे बोट दाखवले.

"दोन्ही दुमडले गेले," ती म्हणाली. "पहिल्यावरचा रेटा संपला, पण उष्णता बराच काळ राहिली. त्या ऊबेत नवे दाणे शांतपणे वाढले आणि जुने ओरखडे पुसून गेले. दुसऱ्याला तशी विश्रांती मिळाली नाही. डोंगर वर येताना, थंड होत असताना त्याला पुन्हा एकदा पिळले. त्याची खूण राहून गेली."

आता सांगा, भिंतीला लावायला तुम्ही कोणता निवडाल? मी खिशातला सोसायटीचा कागद काढला आणि तिला तोच प्रश्न केला. तिने उत्तरादाखल दोन इमारतींच्या कथा सांगितल्या.

शिकागोमध्ये १९७० च्या दशकाच्या आरंभी एका तेल कंपनीची ऐंशीहून अधिक मजल्यांची इमारत उभी राहिली. तिला चाळीस हजारांहून अधिक काराऱ्याच्या संगमरवरी फरश्या लावल्या, जाडी जेमतेम तीन-साडेतीन सेंटीमीटर. काही वर्षांत फरश्या बशीसारख्या वाकू लागल्या. अखेर १९९० ते १९९२ या काळात सगळ्या काढून ग्रॅनाइट लावावे लागले. दुसरी कथा हेलसिंकीची. आल्वार आल्टो या थोर वास्तुविशारदाने बांधलेले फिनलँडिया सभागृह १९७१ मध्ये खुले झाले. त्याच्याही काराऱ्याच्या फरश्या वाकल्या. १९९० च्या दशकाअखेर त्या बदलून पुन्हा काराऱ्याच्याच लावल्या, कारण आल्टोची कृती तशीच राहावी असा आग्रह होता. त्याही वाकल्या. २०२२ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या दुरुस्तीत मात्र आल्प्समधला लासा येथला संगमरवर आणला गेला.

घट्ट दगड पुन्हा वाकला, आणि तोही भूखंडांच्या टकरीविना! त्याचे कारणही कॅल्साइटच्या पोटातच आहे. हा स्फटिक तापला की एका दिशेने फुगतो आणि तिच्या काटकोनात चक्क आकसतो. फुगण्याचे माप आकसण्याच्या चौपटीहून जास्त. आता असे लाखो दाणे, प्रत्येकाचे तोंड वेगळीकडे. दुपारी ऊन लागले की शेजारचे दाणे एकमेकांना ढकलतात, रात्री सोडतात, आणि त्यात पावसाचे पाणी शिरते. रोजची ही कुरबुर वर्षानुवर्षे चालली की दाण्यांमधली पकड सैल होते. मग फरशी वाकते आणि कडेचा दगड साखरेसारखा भुरभुरतो.

इथे ते दोन काप पुन्हा कामाला येतात. युरोपात या प्रश्नाचा पुष्कळ अभ्यास झाला, तेव्हा असे आढळले की सर्वसाधारणपणे सरळ कडांचे नेटके दाणे असलेला संगमरवर लवकर वाकतो. नागमोडी कडांनी एकमेकांत गुंतलेले दाणे पकड सोडत नाहीत. म्हणजे ज्याला सुखाची विश्रांती लाभली तो उन्हापावसात ढासळतो, आणि ज्याला शेवटपर्यंत पिळवटले तो तग धरतो. दुकानात मात्र दोघेही सारखेच पांढरे दिसतात. भाव ठरतो रंगावर आणि रेघांवर. दाणे कसे गुंतलेत हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कळत नाही.

सोसायटीला मी पत्रात लिहिले : घराच्या आत, जिन्यात, देवघरात संगमरवर खुशाल लावा, तिथे ऊन नाही आणि पाऊस नाही. ताजमहाल मकराण्याच्या संगमरवराचा आहे, पण तिथे दगडाची जाडी आणि बांधणीच निराळी. त्याचा दाखला तीन सेंटीमीटरच्या फरशीला लागू नाही. बाहेरच्या भिंतीला पातळ संगमरवर लावायचाच असेल, तर विक्रेत्याकडून आधी त्याचा काप तपासून घ्या. नाहीतर रंग बरा. पत्र सभेत वाचले गेले आणि रंगाचा पक्ष नऊ मतांनी जिंकला. संगमरवर पक्षातल्या एका काकांनी माझ्याशी महिनाभर अबोला धरला.

काराऱ्याहून निघण्याच्या दिवशी पाऊस पडला. गावातून वाहणारी कार्रिओने नदी तासाभरात दुधासारखी पांढरी झाली. ते दूध म्हणजे खाणींतला चिखल. हे डोंगर १९८५ पासून प्रादेशिक उद्यानाखाली येतात, युनेस्कोच्या भूउद्यानांच्या यादीतही त्यांचे नाव आहे, आणि तरी त्यांच्या अंगावर खाणी चालूच आहेत. गावाचे पोट त्यांवर आहे, आणि गावातच त्यांच्याविरुद्ध सभाही भरतात. दोघांचेही बोलणे खोटे नाही.

मला सर्वांत नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. आता डोंगरातून निघणाऱ्या मालापैकी पुतळ्यांना आणि फरश्यांना जाणारा भाग थोडा. फार मोठा भाग दळून त्याची पूड करतात. ती पूड कागदात जाते, रंगात जाते, दात घासायच्या पेस्टमध्ये जाते. वीस कोटी वर्षांचा समुद्र, दोन खंडांची टक्कर, दोनदा पडलेल्या दुमडी आणि त्यांची दाण्यादाण्यात लिहिलेली नोंद, सगळे चक्कीतून निघते. उरते ती पांढरी भुकटी, आणि तिच्यात वाचण्यासारखे काहीच नसते. भाचीचे काम एवढेच, की चक्कीत जाण्याआधी त्यांतली काही पाने वाचून घ्यायची. ताईला मी तसे कळवले आहे. मुलगी परत केव्हा येणार, असे ती विचारते. डोंगर संपायच्या आत, असे मी सांगितले आहे.